खळ

बाइंडर म्हणजे काय, असं बाबांनी विचारलं तेव्हा
मी आधी पुस्तकातलं सांगितलं,
मग म्हटलं, खळ.
"मंग तसं सांग नं," ते म्हणाले,
आणि दोन्ही हात मांडीवर पुसले,
कुंचा आत्ताच खाली ठेवल्यासारखे.

पाचपावलीच्या घरात माग होता तिथे आता पलंग आहे.
खड्डा बुजवून फरशी घातली,
तरी त्या चार फुटांना ओल आधी चढते.
मागानंतर रिक्षा आली, लिथियमवाली,
हलकी, हप्त्यांची.
ती गेली त्या मे महिन्यात
चार्जिंग शेडचा पत्रा रात्री अकरालाही चटका देत होता.
आधी कुकरची शिट्टी अडकावी तसा आवाज,
मग गोडूस वास,
मग धूर, पांढरा,
मग बाकीचं.
अफरोजभाईंनी शेजारच्या दोन रिक्षा ओढून काढल्या,
त्यांचा खोकला दिवाळीपर्यंत गेला नाही.

मी त्या वासावर काम करते.
अमरावती रोडवर, दुसऱ्या मजल्यावर,
जिथे एसी यंत्रांसाठी आहे
आणि आम्ही त्यांच्या कृपेने गार असतो.
काळी पूड तांब्याच्या पत्र्याला चिकटून राहावी
म्हणून जो डिंक वापरतात त्यात फ्लोरीन,
तो विरघळवायला जो द्रव लागतो
त्याच्या बाटलीवर गर्भवतींसाठी इशारा.
इशारा बारीक अक्षरात. कारखान्यातल्या बायकांना
तो कोण वाचून दाखवतं, माहीत नाही.

चिंचोके मी इतवारीतून आणले, पाव किलो.
भाजले, टरफलं काढली, दळले, पाण्यात शिजवले.
गाईड निकोसे सर म्हणाले, हेदाऊ, हा स्वयंपाक आहे.
पाच नाणी-सेल केले. तीन मेले.
चौथा शंभर फेऱ्यांनंतर दम टाकू लागला:
चार्ज होताना सिलिकॉन फुगतं,
उतरताना आक्रसतं,
आणि प्रत्येक वेळी थोडं सुटतं,
पत्र्यावरून, एकमेकांपासून.

रविवारी बरणी घरी आणली. नियमात बसत नाही.
बाबांनी झाकण उघडून हुंगलं.
अंगठा आणि तर्जनीत एक थेंब घेऊन
बोटं हळूहळू लांब नेली.
तार निघाली, मधेच तुटली.
"पातळ होऊन रायली. तान्याले चालन,
धोट्याचा मार नाई झेलनार."
मग स्वतःशीच,
"आंबली बी नाई. काल शिजवली का?"
रात्रभर ठेवायची असते, म्हणाले,
उन्हाळ्यात झाकून, हिवाळ्यात चुलीच्या कडेला,
आणि सकाळी तिला परत एकदा घोटायचं,
रागानं नाही.

सोमवारी व्हिस्कोमीटरने तेच सांगितलं,
तीन दशांश स्थळांपर्यंत.

आता एक सेल ओव्हनमध्ये आहे, पंचेचाळीस अंशांवर.
बाहेर सेहेचाळीस.
कधी वाटतं, उगाच वीज जाळतो आपण,
सेल खिडकीत ठेवला तरी भागलं असतं.
दोनशे बारावी फेरी चालू आहे.
आलेख खाली येतोय, पण रेंगाळत,
घरी जायची इच्छा नसलेल्या पोरासारखा.

मी बाबांना खोटं सांगितलेलं नाही.
खळीनं आग थांबत नाही.
आग त्या द्रवात आहे, त्यावर दुसरे लोक झटताहेत,
पुण्यात, कोरियात, आमच्याच खालच्या मजल्यावर.
माझ्याकडून झालं तर एवढंच होईल:
धुरातलं एक विष कमी,
बाटलीवरचा एक इशारा कमी.
"मंग रिक्षा जळनच?"
जळेल कदाचित.
"अन् अफरोज?"
मी म्हटलं, थोडा कमी खोकेल.
ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग उठून बरणी धुवायला घेतली,
तळाला चिकटलेलं नखानं खरवडत.
सुटेना.
"हे बघ," म्हणाले, "हे लिहून ठेव."

वहीत निरीक्षणाचा रकाना अरुंद आहे.
मी लिहिलं: काचेला घट्ट. १४ तास. घोटणी दोनदा.
आणि निरीक्षकाच्या सहीपुढे थांबले,
कारण तिथे हुद्दाही लिहावा लागतो.